हाडातला कारखाना

भीमराव : तू गप्प का बसलीस, तेवढंच सांग.

माया : पडा जरा. दुर्बिणीसाठी आत न्यायला वेळ आहे अजून.

भीमराव : उपाशीपोटी पडून काय होतं? भाजीवाल्यानं कोथिंबिरीची जुडी बारीक दिली तर तू अर्धं शिरगाव गोळा करतेस. आणि काल विहार कमिटीचा संतोष, इथं, ह्याच स्टुलावर बसून म्हणाला, "भीमराव, झालं ते झालं, आता सोडा." काय सोडा? काय धरलंय मी? आणि तू खाली मान घालून शहाळ्यात नळी खुपसत बसलीस.

माया : तुमच्यासाठीच आणलं होतं शहाळं त्यानं.

भीमराव : शहाळ्याचं सांगू नकोस.

माया : हळू बोला. पलीकडच्या कॉटवरचे जागे हायेत.

भीमराव : असू दे. परवा त्यांनीच मला विचारलं, काका, देशी का इंग्लिश? म्हटलं, चहा. तर हसले. पोट पुढं आलं, रक्ताची उलटी झाली, की झालं. माणसाचा निकाल लागला. अगं, रविवारच्या वंदनेला पंचशील सांगतो मी. पाचवं शील, दारूला न शिवण्याचं, बदलापुरातली किती पोरं माझ्या तोंडून शिकली. खोकल्याचं औषधसुद्धा मी वास घेऊन घेतो. आता निरोप आला, तुम्ही आराम करा, वंदनेचं आम्ही बघतो.

माया : आरामाचं चांगल्या मनानं म्हणत्यात.

भीमराव : लोकांचं जाऊ दे. लोक काय, आज बोलतील, उद्या दुसरा विषय धरतील. मला तुझं ऐकायचंय. तुला काय वाटतं? मी पीत होतो?

माया : ओठ वाळलेत तुमचे. थांबा, कापूस ओला करते.

भीमराव : माया.

माया : पाणी आत जाऊ देऊ नका हां. नुसते ओठ.

भीमराव : बघ. परत गप्प.

माया : मी काय बोलू? माझ्या बापाचं पोट मी बघितलंय, असंच. असंच ताणलेलं, बेंबी वर आलेली. आन् असंच एक दिवस मोरीत भळाभळा. मी आईच्या मागं उभी होते. तांब्या धरून. मला काय वाटतं ते नका विचारू. मला भीती वाटते, दुसरं काय.

भीमराव : तुझा बाप प्यायचा.

माया : व्हय. आन् मरेपर्यंत न्हाईच म्हणत होता.

भीमराव : म्हणजे माझं 'नाही' आणि त्याचं 'नाही', एकाच मापात कापलंस.

माया : आले बघा डॉक्टर. टेका जरा, नीट बसा.

डॉ. भूपेश : काय काका, भांडण चालू आहे? चांगलं आहे. भांडणारा पेशंट लवकर घरी जातो. काकू, तुम्ही पण बसा. रिपोर्ट आला. त्या कंबरेच्या हाडातून सुई घालून काढलं होतं ना, त्याचा आला, आणि रक्ताची जीन टेस्ट पाठवली होती, तिचा पण आला. चोर सापडला.

भीमराव : लिव्हर?

डॉ. भूपेश : लिव्हर बिचारी बाजूला उभी आहे. फुकट बदनाम झाली. तुमच्यासारखीच.

माया : लिव्हर न्हाई? मंग हे पोट, हे रगत?

डॉ. भूपेश : सांगतो. मला पहिल्या दिवसापासून डाउट होता. एवढं रक्त उलटीतून गेलं, तरी काकांचं हिमोग्लोबिन पाहिजे तेवढं पडलं नव्हतं. दुसरं, प्लेटलेट. दारूनं लिव्हर खराब झालेल्या माणसाची पाणथरी, म्हणजे स्प्लीन, फुगते आणि प्लेटलेट गिळून बसते, म्हणून त्या कमी दिसतात. काकांची पाणथरी तर बेंबीपर्यंत आलीय, पण प्लेटलेट उलट्या वाढलेल्या. मतलब, गिळणारा एवढा मोठा, तरी माल उरतोय. मग बनवणारा किती बनवत असेल?

भीमराव : कोण बनवतो?

डॉ. भूपेश : हाडं. रक्त हाडात बनतं, काका. हाडाच्या आत मगज असतो, बोनमॅरो. रविवारी मटणातली नळी आपटून चोखता ना, ते.

भीमराव : ते? ते तर मला फार आवडतं.

माया : पोरीला पण देत न्हाईत ती नळी.

डॉ. भूपेश : तर तुमच्या त्या मगजातल्या एका पेशीत बारीक बिघाड झालाय. जन्माचा नाही, मोठेपणीचा. खाण्यापिण्यानं नाही, कुणाच्या चुकीनं नाही. झाला. रक्त बनवा म्हणणारं बटण दाबलं गेलं ते वर येतच नाही. लाल पेशी, प्लेटलेट, बनतायत, बनतायत. वर्षानुवर्षं.

भीमराव : थांबा डॉक्टर. म्हणजे पार्टीची ऑर्डर नाही, शेठ जाग्यावर नाही, आणि कारखाना दोन पाळ्यांत चालू.

डॉ. भूपेश : एकदम!

भीमराव : मी कॅम्प दोनमध्ये कटिंग मास्टर आहे हो. जीन्सचा कारखाना. असा एक सीझन मी बघितलाय. शेठ गावाला गेला आणि थांबा म्हणायला विसरला. लॉटवर लॉट कापले आम्ही.

डॉ. भूपेश : मी पण कॅम्प दोनचाच. आमच्या घराच्या जिन्यात पँटचे गठ्ठे ठेवायचे लोक. तर तोच हिशोब. माल गोदामात चढला. गोदाम म्हणजे ही पाणथरी, डाव्या बरगडीखाली. ती फुगली. तिच्याकडे रक्त जास्त जायला लागलं, तिच्यातून जास्त बाहेर यायला लागलं. आता पाणथरीचं आणि आतड्याचं सगळं रक्त एकाच मोठ्या नसेतून लिव्हरकडे जातं. तिचं नाव पोर्टल व्हेन. एकच रस्ता. त्यात काकांचं रक्त दाट. त्या रस्त्यात गुठळी धरली.

भीमराव : टेम्पो आडवा झाला.

डॉ. भूपेश : आडवा. आणि मागून माल येतोच आहे. मग काय होतं?

भीमराव : काय होणार? पोरं डोक्यावर गठ्ठे घेऊन बोळाबोळांतून काढतात. ज्या बोळात दोन माणसं धड जात नाहीत, तिथून. एखादी भिंत खचते मग.

डॉ. भूपेश : तीच भिंत खचली. अन्ननलिकेच्या तळाशी बारीक नसा असतात, एरवी कुणाच्या लक्षात पण येत नाहीत. सगळं रक्त त्यांच्यातून वाट काढायला लागलं. त्या फुगल्या, एक फुटली. ती तुमची उलटी. त्या दिवशी दुर्बीण घालून तिला रबरबँड लावला, आज उरलेल्यांना लावायचा. आणि थोडं पाणी पोटात झिरपलं, म्हणून पोट.

माया : म्हणजे बीपी वाढलं होतं का? दवाखान्यात पट्टा बांधून बघितलं तेव्हा तर बरोबर होतं.

डॉ. भूपेश : ते वेगळं बीपी, काकू. हे फक्त पोटातल्या त्या एका रस्त्याचं. हाताला पट्टा बांधून हे कळत नाही. पोर्टल हायपरटेन्शन म्हणतात. शंभरातल्या बहुतेक जणांना लिव्हर कडक होऊन होतं, म्हणून सगळ्यांच्या मनात आधी दारूच येते. पण रस्ता लिव्हरच्या अलीकडेच बंद झाला, तर लिव्हर चांगली असून पण होतं. काही जणांचं तर अजून पुढे जातं. हाडात जागा पुरत नाही, मग ह्या पेशी पाणथरीत आणि लिव्हरमध्ये जाऊन नवीन कारखाना टाकतात, आतूनच रस्ता अडवतात. काकांचं तिथपर्यंत गेलेलं नाही.

माया : हाडाच्या गं मळ्यामंदी, पीक आलं बेसुमार...

डॉ. भूपेश : काय म्हणालात?

भीमराव : थांबा, तिला पुरं करू दे. अर्धवट राहिलं तर दिवसभर पुटपुटत बसेल.

माया : हाडाच्या गं मळ्यामंदी, पीक आलं बेसुमार,
दारी गाडी अडकली, कसं न्यावं वाटंपार.

डॉ. भूपेश : वा! काकू, हे आत्ता केलं?

भीमराव : तिची आई जात्यावर करायची. हिच्या घरी मिक्सर, तरी सवय जात नाही. यशोधराच्या बारावीच्या निकालावर पण केली होती. पोरगी नापास होता होता वाचली, त्यावर चार ओव्या. पोरगी आठ दिवस बोलली नाही.

माया : डॉक्टर, हे बरं व्हतं का?

डॉ. भूपेश : पूर्ण जात नाही. पण ताब्यात राहतं. शुगरसारखं समजा. कारखाना हळू करायची गोळी रोज, रक्त तपासत राहायचं. आणि गुठळी वाढू नये म्हणून रक्त पातळ करायची गोळी. काका अजून खूप पँटी कापतील. आता दोन-तीन गोष्टी मला सांगा, मोठ्या सरांना पेपर दाखवायचेत. आंघोळ केल्यावर खाज सुटते?

भीमराव : अंगभर. गरम पाणी घेतलं की मुंग्या चावल्यासारखं. किती वर्षं झाली.

माया : मी साबण बदलले किती. कडुनिंबाचा आणला, बाळाचा आणला. आन् हे आंघोळच टाळायला लागले. मला वाटायचं...

डॉ. भूपेश : काय वाटायचं?

माया : काही न्हाई. पुढं विचारा.

डॉ. भूपेश : चेहरा लाल दिसायचा? डोळे?

भीमराव : ते आरशात कोण बघतं?

माया : दिसायचा. संध्याकाळी कामावरून आले की तांब्यासारखा. डोळे पण. कान सुद्धा लाल.

डॉ. भूपेश : रक्त दाट असलं की तसंच होतं. लाल पेशी जास्त, म्हणून. आणि जेवण? दोन घासांत पोट भरल्यासारखं?

माया : ताट सरकवायचे. नको म्हणायचे. आवडीचं केलं तरी.

डॉ. भूपेश : पाणथरी जठरावर दाबते. जागाच राहत नाही. काकू? काय झालं? घाबरू नका, ही सगळी आजाराचीच लक्षणं. बरं, शेवटचं. आज बँडिंग नीट झालं तर रक्त पातळ करायचं औषध संध्याकाळी सुरू करायचा विचार आहे. ते तसं नाजूक औषध. म्हणून विचारतो, ह्या मधल्या काळात काही बाहेरचं? जडीबुटी, चूर्ण, काढा, पुडी, कुणी दिलेलं काही?

भीमराव : नाही. काही नाही.

डॉ. भूपेश : नक्की?

भीमराव : नक्की. साधी हळददुधाची पण सवय नाही मला.

डॉ. भूपेश : ठीक. मी शेजारच्या वॉर्डात एक पेशंट बघून येतो. आत तयारी झाली की नेऊ.

(डॉक्टर जातात. माया कापसाचा बोळा पिळत राहते. वाटीत पाणी उरलेलं नाही.)

माया : एवढ्या घाईनं न्हाई का म्हणालात?

भीमराव : विचारलं, सांगितलं.

माया : तुम्ही कधी घाईनं बोलत न्हाई. तुम्हाला कुणी वेळ विचारली तरी आधी खिशातून चष्मा काढता. आज डॉक्टरचं तोंड मिटायच्या आत न्हाई म्हणालात.

भीमराव : तू पदराचं टोक चावत होतीस.

माया : मंग?

भीमराव : मग काय. नवऱ्यानं बघायचं असतं बायको पदर कधी चावते ते.

माया : तुम्हाला ठाऊक हाय.

भीमराव : काय?

माया : आता माझी परीक्षा घेऊ नका. तुम्हाला ठाऊक हाय का न्हाई?

भीमराव : आमटी कडू लागायची. गणपतीनंतर कधीतरी सुरू झालं. तुझ्या वाटीतली बोट घालून चाखली एकदा, ती गोड. माझीच कडू. मग एकदा तांदळाच्या डब्यामागं पुड्या दिसल्या. वर काही नाव नाही, गाव नाही. नुसता एका माणसाचा फोटो, हात जोडलेला.

माया : माझ्या आई.

भीमराव : तो फोटो मी ओळखला की. स्टेशनच्या भिंतीवर तीच जाहिरात आहे. पिणाऱ्याला न सांगता दारू सोडवा. रोज तिच्यासमोरून जातो मी. कधी वाटलं नव्हतं, ती माझ्यासाठी लावलीय.

माया : आन् तुम्ही खात राहिलात?

भीमराव : पहिल्या दिवशी संताप आला. वाटलं ताट उचलावं आणि दारात नेऊन ओतावं. सगळ्या बिल्डिंगला दिसू दे. पण तू समोर बसली होतीस. मी घास गिळला की तू पण गिळत होतीस. रिकाम्या तोंडानं. मी दुसरा घास घेतला, तू परत गिळलंस. अशी बाई समोर बसली की माणूस काय वाटेल ते खातो.

माया : असं नका बोलू.

भीमराव : म्हटलं, संपतील पुड्या. जो पीतच नाही त्याची काय सुटणार? मग हिलाच कळेल.

माया : सुटली न्हाई म्हणून तर मी दोन दोन घातल्या.

भीमराव : म्हणजे त्या दिवाळीतल्या आमटीत...

माया : दोन. लाली जातच नव्हती ना तोंडावरची. त्या फोनवरच्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, ताई, जुनं व्यसन आहे, डोस वाढवा.

भीमराव : वा. जुनं व्यसन. हसू नको म्हणालीस तरी मला हसू येतंय, आणि हसलं की पोटात दुखतंय.

माया : कसं हसवतं तुम्हाला?

भीमराव : मग काय करू? मला एकदा विचारायचं होतंस, माया. नुसतं विचारायचं. अहो, पिता का?

माया : तुम्ही न्हाई म्हणाला असता.

भीमराव : खरंच नाही म्हणून.

माया : माझा बाप पण न्हाई म्हणायचा. तोंडाला वास मारत असताना म्हणायचा. आई मान हलवायची, आन् रात्री माझ्या पाठीशी तोंड करून रडायची. कुणाला सांगितलं न्हाई तिनं. लाज. डॉक्टर न्हाई, वैद्य न्हाई. मी तेव्हाच ठरवलं होतं, माझ्या घरात असं झालं तर मी नुसती रडणार न्हाई. काहीतरी करीन.

भीमराव : माझ्या तोंडाला वास यायचा?

माया : न्हाई.

भीमराव : मग?

माया : म्हणून तर जास्त भ्यायले. म्हटलं, हा माणूस कटिंग मास्टर. एका सुताचा फरक पडू देत न्हाई कापडात. हा वासाचा पण बंदोबस्त करत असंल.

भीमराव : शाबास! माझ्या हुशारीचं एवढं कौतुक शेठनं पण कधी केलं नाही.

माया : थट्टा करा. करा. आंघोळ टाळली, मी म्हटलं पिऊन आलेत. जेवण सारलं, मी म्हटलं बाहेर खाऊन-पिऊन आलेत. तोंड लाल, डोळे लाल. सगळं जुळत होतं हो. सगळं माझ्या बापाशी जुळत होतं. एक तुम्हीच जुळत नव्हता. आन् मी तुम्हालाच बाजूला ठेवलं.

भीमराव : ये इकडं. स्टूल ओढ. एवढ्या लांबून रडू नको.

माया : रडत न्हाई. 
लाल लाल मुखडा गं, मी म्हटला गुत्त्याचा,
माझ्या मनी पाप आलं, रंग होता रगताचा.

भीमराव : ही कुणाला म्हणून दाखवू नकोस.

माया : वाईट झाली?

भीमराव : नाही. ही माझी आहे. मंडळात गाशील आणि बायका टाळ्या वाजवतील, ते नको.

माया : डॉक्टरला बोलावते.

भीमराव : कशाला? माया, बस. मी नाही म्हणालोय. विषय संपला.

माया : संपला कसा? ते रगत पातळ करायचं औषध नाजूक म्हणाले ना? आन् माझ्या पुडीत काय होतं ते मला तरी ठाऊक हाय का?

भीमराव : अगं, तो पोरगा काय म्हणेल? बायकोनं नवऱ्याला चोरून औषध घातलं. वॉर्डभर होईल. मला दारुडा म्हणतात तेवढं पुरे. तुला काही म्हटलेलं मला चालणार नाही.

माया : मला म्हणू द्या. तुम्ही माझ्यासाठी कडू खाल्लंत, मी तुमच्यासाठी चार शब्द खाते. ओ डॉक्टर! डॉक्टर, जरा इकडं येता का?

डॉ. भूपेश : आलो, आलो. काय झालं, दुखतंय?

माया : त्यांना न्हाई. मला सांगायचंय. ते मघाशी खोटं बोलले. आयुष्यात पहिल्यांदा बोलले असतील, आन् ते पण माझ्यासाठी. मी त्यांना पुड्या घालत होते. आमटीतून. दारू सोडवायच्या. गणपतीनंतर सुरू केल्या, त्या उलटी झाली तोपर्यंत. शेवटी शेवटी दोन दोन.

डॉ. भूपेश : अरे बाप रे. काकू!

भीमराव : डॉक्टर, तिला ओरडू नका.

डॉ. भूपेश : ओरडत नाही. काका, तुम्हाला माहीत होतं? आणि तुम्ही मला नक्की म्हणालात? तुम्हाला ओरडायला पाहिजे. पुडी आहे का घरी? एक तरी?

माया : तांदळाच्या डब्यामागं हाय. शेजारच्या कीर्तीकडं चावी हाय. ती घेऊन येईल आज.

डॉ. भूपेश : आणायला सांगा. असल्या पुडीत काय काय असतं सांगता येत नाही. कधी दारूवर उलटी आणणारी गोळी कुटून घालतात, कधी भस्म, कधी धातू. चांगल्या लिव्हरला पण त्रास देतात. आणि रक्त पातळ करायच्या औषधाशी भांडलं तर परत ब्लीडिंग. बँडिंग आज होईल, त्याला अडचण नाही. पण ती गोळी मी आज सुरू करत नाही. लिव्हरच्या टेस्ट परत पाठवतो, त्या बघून मग.

माया : डॉक्टर, खरं सांगा. त्या नसा माझ्या पुडीनं फुटल्या का?

डॉ. भूपेश : नाही.

माया : माझं मन राखायला म्हणू नका.

डॉ. भूपेश : नाही म्हणतो ना. पाणथरी एवढी मोठी व्हायला वर्षं लागतात, काकू. तुम्ही पहिली पुडी आणली तेव्हा रस्ता बंद झालेला होता बहुतेक. पुडीनं फायदा काही झाला नाही, हे पण खरं. पण तुम्ही आत्ता सांगितलं नसतं आणि मी संध्याकाळी गोळी दिली असती, तर मात्र मी इथं उभा राहून असं बोलू शकलो नसतो. चांगलं केलंत.

भीमराव : यशोधराला सांगू नका हं कुणी. पुण्याहून फोन करून हसत बसेल.

माया : मीच सांगणार हाय. हसू दे. हसली तर निदान कळेल, बाप जागेवर आहे.

भीमराव : मग संतोषला पण सांग.

माया : त्याचं तर मी बघतेच. काल शहाळं घेऊन आला, आता मी जाईन त्याच्या घरी. सगळं सांगून येईन. हाड, पाणथरी, आडवा टेम्पो, सगळं. न्हाई समजलं तर परत सांगीन. आन् वंदना कोण घेतंय ते पण बघते.

भीमराव : एवढं बोलू नको. थकशील.

माया : तुम्ही बोलायला लावलंत. सकाळपासून गप्प का, गप्प का.

डॉ. भूपेश : चला काका, खुर्ची आली. हळू. पाय इथं. काकू, चष्मा आणि चप्पल तुमच्याकडे ठेवा. आणि एक सांगून ठेवतो, आत मोठे सर आहेत. ते प्रत्येकाला पहिलं हेच विचारतात, किती वर्षं घेत होता? सवय आहे त्यांची, वाईट हेतू नाही. काका, तुम्ही बोलू नका, घशात स्प्रे मारतील. मी सांगेन त्यांना.

माया : तुम्ही नको. मी सांगते.

डॉ. भूपेश : काकू, नातेवाईकांना आत येता येत नाही.

माया : मी कुठं आत येते म्हणते? तुम्ही दार तेवढं लोटू नका. मी बाहेरून सांगते.